चाक घेण्याआधी भट्टी समजून घ्या : सिरॅमिक्सची प्राथमिक ओळख

अंजिरी

नमस्कार मंडळी,

'घरी पॉटरी सुरू करायची आहे, कोणतं चाक घेऊ?' हा प्रश्न इथे वारंवार येतो आणि उत्तरंही चाकांच्या किमतींभोवतीच फिरत राहतात. माझं मत वेगळं आहे, म्हणून हा धागा. चाक सर्वांत शेवटी घ्या. गोळा हाताने दाबून, वळ्या एकावर एक रचून, पाट लाटून उत्तम भांडी करता येतात. चाकाचा शोध लागण्याआधी हजारो वर्षं माणसं तशीच करत होती. भट्टीला मात्र पर्याय नाही. न भाजलेलं भांडं पाण्यात ठेवलं की काही वेळात त्याचा पुन्हा चिखल होतो. मी नवशिक्यांना शिकवते. त्यांच्या बहुतेक तक्रारी, मग ते तडे असोत, फोड असोत किंवा ग्लेझ (भांड्यावरचा काचेचा थर) सोलून निघणं असो, वाळवण, ग्लेझ आणि भट्टी या तीन गोष्टींमधून येतात. हात सफाईने न चालल्यामुळे येणाऱ्या फार थोड्या.

आधी मातीबद्दल. चिनी मातीचा मुख्य घटक म्हणजे केओलिनाइट. त्यात सिलिका, ॲल्युमिना आणि पाणी असतं. हे पाणी म्हणजे ओलावा नव्हे. ते स्फटिकाच्या रचनेतच बांधलेलं असतं आणि वजनाच्या सुमारे १४ टक्के भरतं. साधारण ४५० ते ६०० अंश सेल्सियसच्या दरम्यान ते सुटून जातं, आणि तो टप्पा ओलांडला की माती पाण्यात कितीही भिजवा, ती पुन्हा मळता येत नाही. आपल्या कामाचा सगळा पाया या एका बदलावर आहे.

बाजारात मिळणारी 'बॉडी', म्हणजे तयार मिश्रण, तीन प्रकारांत बसते. अर्दनवेअर कमी तापमानाला पिकतं आणि भाजूनही सच्छिद्र राहतं. स्टोनवेअर साधारण १२०० ते १३०० अंशांना घट्ट होतं आणि पाणी जवळजवळ शोषत नाही. पोर्सेलिन सर्वांत पांढरं, सर्वांत घट्ट आणि हाताळायला सर्वांत हट्टी. घरात वापरायची भांडी करायची असतील तर स्टोनवेअरने सुरुवात करा. विकत घेताना दुकानदाराला तीन गोष्टी विचारा: ही माती किती अंशांना पिकते, एकूण किती आकसते आणि पिकल्यावर किती पाणी शोषते. जो विक्रेता ही उत्तरं देत नाही त्याच्याकडून पाव गोणीसुद्धा घेऊ नका.

'शेतातली काळी माती वापरू का?' असं बरेच जण विचारतात. नुसती वापरू नका. बेसॉल्टपासून बनलेल्या आपल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट गटाची खनिजं भरपूर असतात. ती पाणी पिऊन प्रचंड फुगतात आणि वाळताना तितकीच आकसतात. उन्हाळ्यात शेताला ज्या भेगा पडतात त्याच भांड्याला पडतात. शिवाय तिच्यात चुनखडीचे खडे असतात. भट्टीत त्यांचा कळीचा चुना होतो, पुढे तो हवेतली वाफ शोषून फुगतो आणि चांगल्या भाजलेल्या भांड्याचा टवका उडवतो.

घडवण्याबद्दल थोडक्यात लिहिते, कारण ते वाचून येत नाही. माती नीट मळा, म्हणजे सगळीकडे ओल सारखी राहील. तळ दाबून घट्ट करा, नाहीतर वाळताना एस आकाराची चीर पडते. कान किंवा दांडा जोडताना दोन्ही भागांत ओल सारखी हवी. दोन्हीकडे ओरखडे काढा, मातीचा रबडा लावा, दाबा आणि प्लॅस्टिकखाली ठेवून हळूहळू वाळू द्या. आकसण्याचा हिशेब आधीच करा. माती एकूण १२ टक्के आकसत असेल आणि १० सेंटीमीटर उंचीचा मग हवा असेल तर १० भागिले ०.८८, म्हणजे ११.४ सेंटीमीटर उंच घडवायचा.

पहिली भाजणी (बिस्क)

भट्टीत भांडं फुटलं की 'आत हवेचा बुडबुडा राहिला होता' असं म्हणायची पद्धत आहे. फोडणारी हवा नसते, पाणी असतं. जाड भिंतीत अडकलेल्या ओलाव्याची १०० अंशांना वाफ होते आणि तिला बाहेर पडायला वाट नसली की ती भिंत फोडून निघते. पूर्ण कोरडं, बुडबुडा असलेलं भांडं शाबूत निघू शकतं. एकही बुडबुडा नसलेलं पण दमट भांडं फुटतं. म्हणून भट्टी आधी ८०-९० अंशांवर काही तास धरून ठेवा. भांडी जाड असतील तर रात्रभर. त्यानंतर ६०० अंशांपर्यंत ताशी साधारण १०० अंशांनी चढवा आणि तिथून वर थोडं वेगाने. सुमारे ६५० अंशांपर्यंत भट्टीचं भोक उघडं राहू द्या, कारण पाण्याची वाफ आणि मातीतल्या सेंद्रिय पदार्थांचा धूर बाहेर पडायला हवा. ५७३ अंशांना क्वार्ट्झचा स्फटिक आपलं रूप बदलतो आणि क्षणात फुगतो. थंड होताना त्याच तापमानाला तो तसाच आकसतो. जाताना आणि येताना, दोन्ही वेळा तिथून घाई करायची नाही. ९५० ते १००० अंशांना बिस्क पुरे. भांडं टणक होतं, पण ग्लेझमधलं पाणी शोषण्याइतकी छिद्रं त्यात शिल्लक असतात.

ग्लेझ

ग्लेझ म्हणजे भांड्यावरच वितळवून बसवलेली काच. काच बनवते सिलिका. पण शुद्ध सिलिका वितळायला १७०० अंशांहून जास्त तापमान लागतं, तेवढ्यात भांडंच कोसळेल. म्हणून तिला खाली वितळवणारे फ्लक्स घालायचे: सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, बोरॉन यांची संयुगं. आणि वितळलेली काच उतारावरून वाहून जाऊ नये म्हणून ॲल्युमिना, जो आपल्याला केओलिन (म्हणजे चिनी माती) आणि फेल्स्पार (खडकातलं एक खनिज) देतात. या तिघांचा तोल म्हणजेच ग्लेझची कृती.

उच्च तापमानासाठी (कोन १०, सुमारे १२८५ ते १३०० अंश; कोन म्हणजे काय ते पुढे येईल) एक जुनं, सोपं प्रमाण आहे: पोटॅश फेल्स्पार ४०, सिलिका ३०, व्हायटिंग म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट २०, केओलिन १०. यातून पारदर्शक, चमकदार ग्लेझ मिळतं. त्यात १ टक्का आयर्न ऑक्साइड घाला आणि गॅसच्या भट्टीत ऑक्सिजन कमी ठेवून भाजा, फिकट हिरवा सेलाडॉन येईल. तेच आयर्न ८ ते १० टक्क्यांवर न्या, काळपट-तपकिरी टेनमोकू. विजेच्या भट्टीत ऑक्सिजन भरपूर असतो, त्यामुळे तिथे १ टक्का आयर्न फिकट पिवळसर छटा देतं, हिरवी नाही. तांब्याचंही असंच आहे. मोकळ्या हवेत हिरवं, हवा कोंडली की लाल. रंग डब्यात नसतो, भट्टीतल्या हवेत ठरतो. या विषयातला मला सर्वांत आवडणारा भाग हाच.

ग्लेझ पाण्यात कालवून ८० किंवा १०० नंबरच्या चाळणीतून दोनदा गाळा. दाटपणा डोळ्यांनी ठरवू नका. १०० मिलिलीटर ग्लेझचं वजन करा. १४० ते १५० ग्रॅम भरलं तर बुडवण्यासाठी बहुतेक वेळा ठीक असतं. वहीत लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी तेच मिळेल. भांडं आधी ओल्या स्पंजने पुसा, साधारण तीन सेकंद बुडवा, बाहेर काढा. तळ आणि त्याच्यावरचा एक-दोन मिलिमीटरचा पट्टा पूर्ण पुसून घ्या, नाहीतर भांडं भट्टीच्या फळीला कायमचं चिकटेल. फळीवर ॲल्युमिना आणि केओलिनचा लेप द्यावा तो याचसाठी.

दुसरी भाजणी

इथे तापमानाच्या आकड्यावर पूर्ण भरवसा ठेवायचा नाही. मंद आचेवर जास्त वेळ ठेवलेली डाळ आणि मोठ्या आचेवर कमी वेळ ठेवलेली डाळ दोन्ही शिजतात. मातीही उष्णता आणि वेळ दोन्हींनी पिकते. म्हणूनच कोन वापरतात. माती आणि फ्लक्सच्या मिश्रणाचे हे छोटे सुळके ठरावीक उष्णता मिळाली की वाकतात. जर्मनीत हेरमान झेगर यांनी ते १८८६ मध्ये आणले आणि अमेरिकेत एडवर्ड ऑर्टन यांनी १८९६ मध्ये बनवायला सुरुवात केली. आजही बहुतेक ठिकाणी ऑर्टनचेच क्रमांक चालतात. कोन ६ घ्या: शेवटच्या टप्प्यात ताशी ६० अंशांनी चढवलं तर तो १२२२ अंशांच्या आसपास वाकतो, ताशी १५० अंशांनी चढवलं तर १२४३ च्या आसपास. म्हणजे वेग बदलला की त्याच पिकण्याला २० अंशांचा फरक पडतो.

क्रमांकाआधीचं शून्य विसरू नका. कोन ०६ आणि कोन ६ यांत दोनशे अंशांहून जास्त अंतर आहे. बिस्कची माणसं ०६ म्हणतात, ग्लेझची ६.

प्रश्न विचारा, जमेल तसं लिहिते.

---

नवी_विटी

वाचनखूण साठवली. इतक्या सोप्या भाषेत कुठे वाचलं नव्हतं. दोन शंका: मी ठाण्यात फ्लॅटमध्ये राहते. छोटी विजेची भट्टी घरी चालेल का? आणि ती 'एअर ड्राय क्ले' मिळते ती भट्टीशिवाय पक्की होते म्हणतात, ते खरं का?

अंजिरी

दुसऱ्याचं आधी सांगते. एअर ड्राय क्ले सुकते, भाजली जात नाही. शोभेच्या वस्तूंसाठी वापरा. चहा-पाण्याच्या भांड्यांना ती चालणार नाही, वर कोणताही वार्निश लावला तरी नाही.

भट्टीचं गणित असं. घरातल्या मोठ्या सॉकेटवर १६ अँपिअर मिळतात. २३० व्होल्ट गुणिले १६, म्हणजे साधारण ३.६ किलोवॅट. यावर चालणारी भट्टी लहानच, एक-दोन घनफुटांची. ६ किलोवॅटची घेतली तर तिला २६ अँपिअर लागतात. त्यासाठी स्वतंत्र जाड वायर, स्वतंत्र एमसीबी आणि वीज कंपनीकडून मंजूर भार वाढवून घेणं आलं. खर्चाचं म्हणाल तर ३.६ किलोवॅटची भट्टी सलग ८ तास पूर्ण ताकदीने चालली तरी २९ युनिटच्या वर जात नाही. प्रत्यक्षात ती मधून मधून बंद होते, म्हणून कमीच.

अडचण विजेची कमी, हवेची जास्त आहे. बिस्कमध्ये धूर, गंधकाचे वायू आणि कार्बन मोनॉक्साइड निघतात. बंद खोलीत, झोपायच्या जागेजवळ भट्टी नको. भिंतीपासून किमान दीड फूट अंतर, वर काही ज्वालाग्राही नको, खिडकी उघडी आणि सोसायटीची परवानगी लेखी. हे जमत नसेल तर घरी फक्त घडवा आणि भाजायला एखाद्या स्टुडिओच्या भट्टीत जागा भाड्याने घ्या. सुरुवातीला मी सगळ्यांना हेच सुचवते. नेताना कच्ची भांडी फोममध्ये ठेवा. भाजण्याआधी ती फार ठिसूळ असतात.

कुंभारवाडा

ताई, लेख आवडला. आमचं घराणं कुंभारकामाचं, पुण्याच्या केशवनगरचं. आमच्या आव्याबद्दल, म्हणजे कुंभाराच्या उघड्या भट्टीबद्दल, थोडं लिहितो, कारण नव्या लोकांना वाटतं की भाजणं म्हणजे फक्त विजेची भट्टी.

आम्ही तळ्याचा गाळ आणि लाल माती मिसळतो, चाळतो, त्यात राख आणि घोड्याची लीद घालतो. लीद भाजताना जळून जाते आणि बारीक भोकं ठेवते. माठाचं पाणी थंड होतं ते याच भोकांमुळे. पाणी झिरपतं, बाहेर वाळतं आणि वाळताना आतली उष्णता घेऊन जातं. आव्यात मडकी उतरंडीने रचायची, मधे गोवऱ्या, भुसा, लाकूड, वरून फुटकी खापरं आणि राखेचा थर. सात-आठशे अंश मिळतात, क्वचित नऊशे. तापमापक नसतो. आमचे आजोबा आव्याच्या फटीतून आतला रंग बघून सांगायचे. गडद लाल म्हणजे अजून वेळ आहे, केशरीकडे झुकला की जळण बंद.

काळी मडकी हवी असली तर शेवटी आवा लिंपून बंद करायचा. धूर आत कोंडतो आणि लाल माती काळी होते. ताईंनी ग्लेझसाठी लिहिलेलं हवा कोंडण्याचं तत्त्व तेच आहे, फक्त इथे ग्लेझ नाही.

थंड झाल्यावर प्रत्येक मडकं बोटाने टिचकावून बघायचं. खणखणीत वाजलं तर पक्कं, बद्द वाजलं तर चीर आहे किंवा कच्चं आहे. गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी तपासली, ती गोष्ट आमच्यातल्या प्रत्येक पोराला कळते, कारण तो रोज तेच करतो.

एक प्रश्न आहे. आमच्या मातीच्या कुंड्यांवर आणि वाट्यांवर ग्लेझ करायचं मनात आहे. स्टोनवेअरवर लावतात तसं १२५० अंशांचं ग्लेझ चालेल का?

अंजिरी

दादा, आव्याचं तुम्ही लिहिलंत ते या धाग्यात हवंच होतं.

१२५० चं ग्लेझ तुमच्या मातीवर चालणार नाही. तुमच्या लाल मातीत लोह भरपूर आहे, आणि लोहही फ्लक्ससारखं वागतं. ११०० च्या वर ती फुगेल, वाकेल, पुढे वितळून फळीवर पसरेल. तुम्हाला १००० ते १०८० दरम्यान वितळणारं ग्लेझ हवं. ते बोरॉनच्या फ्रिटवर बनतं. फ्रिट म्हणजे आधीच वितळवून दळलेली काच. शिशाचं फ्रिट स्वस्त मिळतं, सुंदर चमकतं आणि दुकानदार आग्रहाने देतो. ते अजिबात घेऊ नका. 'शिसेविरहित' असं पोत्यावर लिहिलेलं बघूनच घ्या.

आव्यात ग्लेझ भाजू नका. राख आणि गोवऱ्यांचे कण वितळलेल्या काचेत बसतील. छोटी गॅसची किंवा विजेची भट्टी लागेल. आणि अशी वाटी आतून ग्लेझ केली तरी मातीचं अंग सच्छिद्रच राहील, त्यामुळे ताक, लोणचं, फार वेळ पाणी यासाठी ती नको. कोरडा खाऊ आणि कुंड्या यासाठी उत्तम.

रसायनी

वरच्या उत्तराला पूर्ण दुजोरा. मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. शिशाबद्दल थोडं वाढवतो.

शिशाचं ग्लेझ कमी तापमानाला भाजलेलं असेल तर आंबट पदार्थात शिसं विरघळून उतरतं. चिंच, लिंबू, टोमॅटो, दही, सगळंच आंबट. रोज थोडं थोडं पोटात जातं आणि शरीरात साठतं. मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो. ग्लेझमध्ये तांब्याचं ऑक्साइड मिसळलं की शिसं आणखी सुटतं. त्यामुळे गर्द हिरव्या, चकचकीत, कुठे बनल्या ते माहीत नसलेल्या वाटीत चिंचेची चटणी ठेवू नये.

आपल्या आजीच्या लोणच्याच्या बरण्या, वरून तपकिरी आणि खालून पांढरट अशा, मुख्यतः स्टोनवेअरच्या. उच्च तापमानाला भाजल्यामुळे त्यांचं अंगच घट्ट असतं, म्हणून मीठ आणि तेल झिरपत नाही. सच्छिद्र मातीच्या बरणीत लोणचं घातलं तर खारं पाणी भिंतीत शिरतं, मिठाचे स्फटिक आत वाढतात आणि ग्लेझचे पापुद्रे ढकलून काढतात.

घरगुती तपासणी अशी: भांड्यात व्हिनेगर भरून २४ तास ठेवा, किंवा लिंबाची फोड रात्रभर ग्लेझवर ठेवा. रंग उतरला किंवा चमक गेली तर ते ग्लेझ अन्नासाठी नाही. पण काहीच बदललं नाही म्हणून सुरक्षित, असं समजू नका. शिसं उतरलं तरी डोळ्यांना दिसत नाही. विकायची भांडी असतील तर प्रयोगशाळेत तपासा. तिथे ४ टक्के ॲसिटिक ॲसिड भरून २४ तास ठेवतात आणि उतरलेलं शिसं व कॅडमियम मोजतात.

दुसरी गोष्ट धुळीची. सुकी माती आणि ग्लेझची भुकटी यांत मोकळी सिलिका असते. तिचे अतिसूक्ष्म कण फुप्फुसात बसतात आणि वर्षानुवर्षांनी सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. कामाची जागा झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. भुकटी तोलताना एन-९५ मास्क. जेवणाचं टेबल आणि ग्लेझचं टेबल एकच नको. बेरियम कार्बोनेट विषारी आहे, ते नवशिक्यांनी घरात आणूच नये.

कोकणी_पाऊस

कुडाळहून लिहितोय. आमच्याकडे जून ते सप्टेंबर काही वाळतच नाही. भांडं पांढरं पडलेलं दिसतं, कोरडं वाटतं, आणि भट्टीत फट्कन फुटतं. यावर काही?

अंजिरी

गालाला लावून बघा. गार लागलं तर आत ओल आहे, कारण अजून बाष्पीभवन चालू आहे. खोलीच्याच तापमानाचं लागलं तर कोरडं. पण तुमच्याकडच्या हवेत माती जेमतेम हवेइतकीच कोरडी होते, त्याहून जास्त नाही. म्हणून पावसाळ्यात भट्टीतलं ते ८०-९० अंशांचं धरून ठेवणं दुप्पट वेळ करा. भोकासमोर आरसा धरा. वाफ जमली की अजून थांबा. आरसा स्वच्छ राहिला की पुढे चढवा. वजनानेही कळतं: भांडं सकाळी आणि संध्याकाळी तोला, वजन उतरायचं थांबलं की हवेतून जेवढं वाळणार होतं तेवढं वाळलं.

पंख्याखाली मात्र ठेवू नका. एका बाजूने आधी वाळतं आणि काठ वाकतो.

दूरदेशी

न्यू जर्सीतून. इथल्या सामुदायिक स्टुडिओंमध्ये बहुतेक सगळं काम कोन ६ ला, विजेच्या भट्टीत होतं. अंजिरी यांनी दिलेलं ४०-३०-२०-१० चं प्रमाण त्या तापमानाला नीट वितळणार नाही, म्हणून इथे सर्रास वापरलं जाणारं एक प्रमाण देतो: फेरो फ्रिट ३१३४, फेल्स्पार, वोलास्टोनाइट (कॅल्शियम आणि सिलिकाचं खनिज), केओलिन, सिलिका, पाचही २०-२०. लक्षात राहायला सोपं. फ्रिटमधला बोरॉन वितळणं खाली आणतो. भारतात तोच फ्रिट मिळाला नाही तर त्याचं रासायनिक विश्लेषण घेऊन जवळचा शोधा, नुसतं 'बोरॅक्स फ्रिट' म्हणून जे हाती पडेल ते घालू नका. आणि आधी चाचणी फरशीवर, म्हणजे त्याच मातीच्या छोट्या नमुना-पट्टीवर, लावून बघा.

कोनबद्दल एक भर. डिजिटल कंट्रोलर असला तरी प्रत्येक भाजणीत तीन कोन ओळीने ठेवा: ५, ६ आणि ७. नंतर उघडल्यावर ५ पूर्ण आडवा, ६ वाकून टोक टेकलेलं आणि ७ जवळजवळ उभा दिसला तर भट्टी बरोबर भाजली. थर्मोकपल, म्हणजे भट्टीतला तापमान मोजणारा तारेचा जोड, जुना झाला की खोटं बोलू लागतो. के टाइपचा वरच्या तापमानाला हळूहळू झिजतोच. वर, मधे, खाली असे तीन संच ठेवले तर भट्टीत कुठे गरम आणि कुठे थंड आहे तेही कळतं. थंड कोपऱ्यात लवकर वितळणारं ग्लेझ ठेवायचं.

हिरवी_पणती

माझ्या मगांवर ग्लेझभर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा आल्या आहेत. भट्टीतून काढताना नव्हत्या, नंतर टिंग-टिंग आवाज येत आल्या. काही मगांवर ग्लेझ गोळा होऊन मधेच माती उघडी पडली आहे. दोन्हीचं कारण एकच का?

अंजिरी

नाही, दोन वेगळे दोष आहेत, आणि दोन्ही भेटल्याशिवाय कोणी पॉटर होत नाही.

जाळं म्हणजे क्रेझिंग. थंड होताना ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसतं, काच ताणली जाते आणि तडकते. तो आवाज तडकण्याचाच. उपाय ग्लेझचं प्रसरण कमी करणं: सिलिका ५ टक्क्यांनी वाढवून चाचणी, मग १०. किंवा फेल्स्पार थोडं कमी करा, कारण सोडियम आणि पोटॅशियम प्रसरण सर्वांत जास्त वाढवतात. नुसती जास्त वेळ भट्टी थंड करून क्रेझिंग जात नाही, थोडं पुढे ढकललं जातं. सच्छिद्र राहिलेल्या मातीत ते महिन्यांनीही येतं, कारण माती ओलावा पिऊन किंचित फुगते. तपासायचं तर भांडं उकळत्या पाण्यात, मग बर्फाच्या पाण्यात, असं काही वेळा करा. उलट दोषही असतो: ग्लेझ कमी आकसलं तर काठावरून त्याचे धारदार कपचे उडतात. तो जास्त धोक्याचा, कारण कपचा चहात पडू शकतो. तिथे सिलिका कमी करायची.

गोळा होणं म्हणजे क्रॉलिंग. बिस्कवर धूळ, हाताचं तेल, ग्लेझचा फार जाड थर, किंवा ग्लेझमध्ये कच्चं केओलिन जास्त. अशा ग्लेझला वाळतानाच बारीक भेगा पडतात आणि वितळताना त्या उघडतात. भट्टीत ठेवण्याआधी भिंगातून बघा. भेगा दिसल्या तर धुऊन पुन्हा लावा. कृतीतलं अर्धं केओलिन भाजलेलं वापरलं तर बऱ्याचदा सुटतं. भाजलेल्या केओलिनमधून ते १४ टक्के पाणी गेलेलं असतं, म्हणून वजन त्या प्रमाणात कमी घ्या.

क्रेझ झालेले मग पेन ठेवायला वापरा, चहाला नको.

जुनी_वीट

छान चर्चा. इतिहासाची थोडी भर. मुंबईत सर ज. जी. कला महाविद्यालयात १८७० च्या दशकात जॉर्ज टेरी यांच्या पुढाकाराने मृत्तिकाकाम सुरू झालं आणि अजिंठ्याच्या चित्रांवर आधारित नक्षीची भांडी तिथे बनू लागली. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात बघायला मिळतात. ग्लेझखाली रंगकाम कसं टिकतं हे समजून घ्यायला जरूर जा. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा यांच्या ग्रामोदय संघाने ग्रामीण कारागिरांसाठी सिरॅमिक्सचं मोठं काम केलं आहे. आणि आजच्या भारतीय स्टुडिओ पॉटरीचा बराच मोठा भाग पुद्दुचेरीच्या गोल्डन ब्रिज पॉटरीत घडला. रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी ती १९७१ मध्ये सुरू केली.

जयपूरच्या निळ्या भांड्यांबद्दल एक गैरसमज दिसतो. त्यांत माती जवळजवळ नसते. क्वार्ट्झची भुकटी, काचेची भुकटी, थोडी मुलतानी माती, डिंक. म्हणून ती चाकावर ओढून काढता येत नाहीत, साच्यात करतात, आणि ८०० ते ८५० अंशांना एकदाच भाजतात.

नवी_विटी

सगळ्यांचे आभार. घरी घडवायचं आणि भाजायला स्टुडिओत द्यायचं ठरवलं आहे. पहिल्या खेपेला काय करू? मग करायची फार इच्छा आहे.

अंजिरी

मग करा, पण त्याच मातीच्या पंधरा-वीस चाचणी फरश्याही करा. लांब पट्टी कापा, एक टोक वाकवून एल आकार द्या, म्हणजे ती उभी राहते आणि ग्लेझ किती वाहतं ते दिसतं. अर्ध्या भागावर पोत काढा: कंगवा, जाळी, काहीही. ग्लेझ कडेवर पातळ आणि खोबणीत जाड होतं, रंग तिथेच बदलतो. ओलसर असतानाच एका पट्टीवर बरोबर १० सेंटीमीटरची रेघ ओढा. बिस्कनंतर मोजा, ग्लेझच्या भाजणीनंतर मोजा. तुमची माती किती आकसते ते विक्रेत्याच्या शब्दावर सोडायला नको. एक पट्टी ग्लेझ न लावता वरच्या तापमानाला भाजून घ्या, तोला, दोन तास पाण्यात उकळा, त्याच पाण्यात रात्रभर राहू द्या, पुसून पुन्हा तोला. वजन २ टक्क्यांहून जास्त वाढलं तर ती माती त्या तापमानाला पिकलेली नाही आणि तिच्या मगात चहा झिरपेल.

प्रत्येक फरशीवर ग्लेझ दोनदा लावा: खालच्या भागावर एक बुडी, वरच्या भागावर दोन. खाली फुकट गेलेल्या मातीची चपटी चकती ठेवा, म्हणजे वाहिलं तर स्टुडिओची फळी खराब होणार नाही. भांडी भाजायला देताना स्टुडिओला माती आणि ग्लेझ दोन्हींचा कोन लेखी सांगा. कोन ०६ ची माती चुकून कोन ६ च्या भाजणीत गेली तर शेजारच्यांची भांडीही जातात.

क्रमांक पेन्सिलने किंवा मार्करने लिहू नका, दोन्ही जळून जातात. आयर्न ऑक्साइड पाण्यात कालवून बारीक ब्रशने फरशीच्या मागे लिहा आणि तोच क्रमांक वहीत, कृती आणि तारखेसकट.